तर्रीतले तेल आणि तर्रीतले तिखट

मिसळीच्या वाटीत वर तरंगणारी लाल तर्री म्हणजे रंग आणि तिखट स्वतःत मुरवून घेतलेले तेल. मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. मिरचीला लाल रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्येही तेलाचाच आसरा घेतात, आणि हळदीतले पिवळे कर्क्युमिन पाण्याला फारशी दाद देत नाही. म्हणून रश्श्याला उकळी फुटून तो जरा स्थिरावला, की पाणी खाली राहते आणि रंग, वास, तिखट सोबत घेऊन तेल वर येते. मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीने ठाण्याचे नाव दूरवर नेले, त्यामुळे आमच्या गावात तर्रीविषयी प्रत्येकाला काही ना काही मत असते. त्यांतले सर्वांत लाडके मत असे, की तिखट आहे ना, मग तेलाची काळजी कशाला, मसालाच चरबी जाळून टाकतो. तलावपाळीवर संध्याकाळी फिरताना, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याबाहेरच्या बाकावर हे वाक्य मी ऐकत आले आहे. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, आणि ज्या वाक्यात त्या शास्त्राचा थोडा तरी खरा अंश असतो ते वाक्य तपासल्याशिवाय मला सोडवत नाही.

धाकट्या भावाच्या आजारपणापासून तर ते अधिकच मागे लागले. भाऊ ऐरोलीला राहतो. छातीत दुखू लागल्याचे निमित्त झाले, अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली दिसली आणि तिथे स्टेंट बसवावा लागला. तो घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने काहीतरी उपाय सुचवला, आणि त्यांतले बहुतेक उपाय मसाल्याच्या डब्यातले होते. कोणी रोज अनशापोटी लसूण सांगितला, कोणी दालचिनीचे पाणी, कोणी मेथीची पूड, कोणी हळद आणि मिरी. सांगणाऱ्यांची माया खरी होती. त्यांचे सांगणे अगदीच निराधार नव्हते, हेही मला माहीत होते. तो आधार किती भार पेलतो, हे पाहणे मात्र राहून जात होते.

आधी तेलकट जेवणानंतर शरीरात काय होते ते पाहू. आहारातली चरबी आतड्यातून शोषली जाते आणि कायलोमायक्रॉन नावाच्या सूक्ष्म कणांत भरून रक्तात येते. जेवणानंतर साधारण तीन-चार तासांनी रक्तातली ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात वाहणारी ही चरबी, सर्वांत वर चढलेली असतात. रॉबर्ट व्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत दहा निरोगी माणसांना ५० ग्रॅम चरबी असलेले ९०० कॅलरींचे जेवण दिले आणि नंतर त्यांच्या हाताच्या रोहिणीची, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीची, प्रसरण पावण्याची क्षमता मोजली. एरवी रक्ताचा ओघ वाढला की निरोगी रोहिणी आपोआप रुंदावते, कारण तिचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून तिला सैल करते. त्या एका जेवणानंतर ही क्षमता काही तास घटलेली राहिली. तितक्याच कॅलरींच्या, पण चरबी नसलेल्या जेवणानंतर तसे झाले नाही. धमनीकाठिण्य, म्हणजे रोहिणीच्या भिंतीत चरबी साचून ती कडक आणि अरुंद होणे, ही वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया आहे, पण तिची सुरुवात ज्या अस्तरापासून होते ते अस्तर प्रत्येक जेवणाला प्रतिसाद देत असते. आपण मात्र वर्षाकाठी एकदा रात्रभर उपाशी राहून रक्त तपासतो, आणि जेवणानंतरच्या त्या तासांकडे आपले लक्षच जात नाही.

मसाल्यांवरचे गंभीर संशोधन याच ठिकाणी येऊन मिळते, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या देशातला आहे. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, म्हणजे ज्या संस्थेला आपण सीएफटीआरआय म्हणतो तिथल्यांनी, १९७० मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कोलेस्टेरॉल मिसळलेला आहार दिलेल्या पांढऱ्या उंदरांना सोबत कर्क्युमिन दिले, तर त्यांच्या रक्तातले आणि यकृतातले कोलेस्टेरॉल कमी राहते, असे त्यात दाखवले होते. पुढे के. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाट अनेक दशके नेटाने चालवली. कॅप्सेसिन, लसूण, मेथी, आले यांचे परिणाम त्यांनी तपासले, आणि वजनाने ३० टक्के चरबी असलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांत कर्क्युमिन व कॅप्सेसिन ट्रायग्लिसराइड उतरवतात, यकृताची आणि तांबड्या पेशींची ऑक्सिडीकरणापासून राखण करणारी व्यवस्था सावरतात, असे दाखवून दिले. यामागची एक यंत्रणाही त्यांनी शोधली. यकृतात कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार होतात, आणि त्या कामातली पहिली पायरी एका ठरावीक एन्झाइमच्या हाती असते. हळद, मिरची यांसारख्या मसाल्यांमुळे उंदरांत त्या एन्झाइमचा वेग वाढला, म्हणजे कोलेस्टेरॉल पित्तावाटे बाहेर काढण्याचा मार्ग रुंदावला. हे काम साधे नाही. ज्या काळात जगात मसाल्यांकडे केवळ चवीची वस्तू म्हणून पाहिले जात होते, त्या काळात मैसूरच्या प्रयोगशाळेने त्यांच्याकडे जैवरसायनाच्या नजरेने पाहिले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ‘मसाला चरबी जाळतो’ हे वाक्य फिरत फिरत तलावपाळीपर्यंत आले असेल, तर त्याला अशा संशोधनाचा काही आधार नक्कीच आहे.

आता त्या आधाराचे माप घेऊ. मैसूरच्या अशा प्रयोगांत कर्क्युमिनचे प्रमाण बहुधा आहाराच्या ०.२ टक्के असे. आकडा लहान दिसतो. २०० ग्रॅम वजनाचा उंदीर दिवसाला साधारण १५ ग्रॅम खातो, असे धरले तर त्याच्या पोटात रोज ३० मिलिग्रॅम कर्क्युमिन जाते, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५० मिलिग्रॅम. उंदराची मात्रा थेट माणसाला लावता येत नाही, कारण लहान प्राण्याचे चयापचय जलद असते. औषधशास्त्रात त्यासाठी शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेला हिशेब वापरतात आणि उंदराची मात्रा ६.२ ने भागतात. तसे भागल्यावर माणसासाठी किलोमागे सुमारे २४ मिलिग्रॅम येतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण दीड ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन. हळदीत कर्क्युमिन सरासरी ३ टक्के असते. दीड ग्रॅम कर्क्युमिन मिळवायचे तर जवळजवळ ५० ग्रॅम हळद लागेल, आणि तीही दररोज, एका माणसाला. आपल्या घरात चार माणसांच्या भाजीत अर्धा चमचा हळद पडते, वरणात चिमूटभर पडते. दिवसभराची सगळी हळद एकत्र केली तरी एका माणसाच्या वाट्याला ग्रॅम-दोन ग्रॅमपलीकडे फारसे येत नाही, म्हणजे कर्क्युमिनचे जेमतेम ३० ते ६० मिलिग्रॅम. उंदराच्या प्रयोगाची आणि आपल्या फोडणीची बरोबरी करताना मधे हे पंचवीस ते पन्नास पटींचे अंतर असते, आणि वर्तमानपत्रातल्या आरोग्यसदरात ते कधी छापलेले मी पाहिलेले नाही.

मात्रेखेरीज आणखी एक अडचण आहे, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. उंदीर हा धमनीकाठिण्याला मुळातच दाद न देणारा प्राणी आहे. त्याच्या रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल ज्याला आपण चांगले म्हणतो त्या एचडीएलमध्ये असते, आणि एचडीएलमधून इतर कणांकडे कोलेस्टेरॉल पोहोचवणारे एक प्रथिन, जे माणसात असते, ते त्याच्यात नसते. शिवाय उंदराला पित्ताशय नसते आणि त्याचे पित्त सतत आतड्यात उतरत राहते. आहारात कोलेस्टेरॉल वाढले की त्याचे यकृत पित्ताम्ले करण्याचा वेग सहज वाढवते, माणसाच्या यकृताला ते तितके साधत नाही. ज्या मार्गावर मसाल्यांचा परिणाम दिसला तो मार्ग उंदरात आधीच प्रशस्त असतो. यामुळे ते प्रयोग निरर्थक ठरत नाहीत. यंत्रणा समजून घेण्यासाठीच ते केले गेले होते, आणि ते काम त्यांनी चोख केले. त्यांच्यावर मिसळीच्या तेलाचा जामीन राहण्याची जबाबदारी आपण टाकतो, ती त्यांनी कधी घेतलेली नव्हती.

हळदीच्या बाबतीत शोषणाचा प्रश्न निराळाच आहे. कर्क्युमिन पोटात गेले तरी रक्तात फारसे पोहोचत नाही, कारण आतडे आणि यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन बाहेरची वाट दाखवतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले तेव्हा रक्तात त्याचा जेमतेम माग लागला. सोबत काळ्या मिरीतले पिपरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तातली उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. ज्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० मध्ये वीज आणि चुंबकत्व यांचे नाते दाखवून दिले, त्या हान्स ख्रिस्तियान ओर्स्टेड यांनीच त्याच्या आदल्या वर्षी हे पिपरिन मिरीतून वेगळे काढले होते. मिरीत पिपरिन साधारण ५ टक्के असते, म्हणजे २० मिलिग्रॅमसाठी सात-आठ मिरे पुरतात, आणि आपल्या गोड्या किंवा काळ्या मसाल्यात हळकुंड आणि मिरी शेजारी शेजारी कुटली जातात, हे पाहून कोणालाही आनंद होईल. पण २००० टक्के हा आकडा वाचताना तो कशाच्या तुलनेत आहे, हे विसरू नये. जवळजवळ शून्याची वीस-एकवीस पट ही मोठी रक्कम नसते.

याच आकड्याच्या जोरावर कर्क्युमिन आणि मिरीचा अर्क एकत्र केलेल्या गोळ्या बाजारात आल्या आहेत, आणि भावाच्या घरी औषधांच्या डब्यात मला तशी एक बाटली दिसली. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातले एक अटॉर्वास्टॅटिन, रक्तदाबाची एक गोळी आणि त्यांच्या शेजारी ही बाटली. भावजयीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “ताई, हे काही औषध नाही हो. आपली हळदच आहे ती, फक्त गोळीत भरलेली.” तिचा समज अगदी स्वाभाविक होता. मी तिला समोर बसवून सांगितले, की भाजीतली हळद आणि ही गोळी यांत मात्रेचा मोठा फरक आहे, आणि पिपरिन ज्या कारणाने कर्क्युमिनला रक्तात टिकवते त्याच कारणाने ते इतर औषधांच्या वाटेतही येऊ शकते. यकृतातल्या ज्या एन्झाइमच्या वाटेने अटॉर्वास्टॅटिनचा निचरा होतो, त्याला पिपरिन अडवते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मोठ्या मात्रेतले कर्क्युमिन रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंना एकमेकांना चिकटू देत नाही, असेही प्रयोगांत आढळले आहे, आणि भावाच्या दोन गोळ्या नेमके तेच काम करत होत्या. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. अशी इजा विरळ असते, पण ज्याचे यकृत आधीच रोज स्टॅटिन हाताळते आहे त्याने ती जोखीम डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. भावजयीने ती बाटली पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढे ठेवली आणि त्यांनी ती बंद करायला सांगितली. जेवणातल्या हळदीबद्दल त्यांनी काही हरकत घेतली नाही.

माणसांवरच्या प्रयोगांपैकी मला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा आहे. शीला वेस्ट आणि अ‍ॅन स्कुलास-रे यांच्या चमूने तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या, पण एरवी निरोगी अशा पुरुषांना दोन वेगळ्या दिवशी चरबीयुक्त जेवण दिले. एका दिवशी चिकन करी, पाव आणि बिस्किट यांत मसाला नव्हता, दुसऱ्या दिवशी त्याच पदार्थांत हळद, दालचिनी, लवंग, मिरी, लसूण पूड, पाप्रिका आणि काही पाश्चात्त्य सुक्या पानांचा मिळून १४ ग्रॅम मसाला होता. मसाल्याच्या जेवणानंतरच्या तासांत ट्रायग्लिसराइडची वाढ सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिली आणि इन्सुलिनची सुमारे २० टक्क्यांनी. स्वादुपिंडातून येणाऱ्या, चरबी तोडणाऱ्या लायपेज या एन्झाइमला मसाल्यातली द्रव्ये थोडे रोखत असावीत, अशी एक शक्यता मांडली गेली. हा निकाल वाचून कोणीही हरखेल. मात्र प्रयोगात माणसे अवघी सहा होती, आणि त्यासाठीचे अर्थसाहाय्य मसाले विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या संस्थेकडून आलेले होते. १४ ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे सुका मसाला, आणि तो एका माणसाच्या एका जेवणात. आपल्या रश्श्यात इतका मसाला एका वाटीत येत नाही, आणि आलाच तर त्याच्याबरोबर खोबऱ्याचे वाटण आणि पळीभर तेलही येते, जे त्या प्रयोगात दोन्ही दिवशी सारखे ठेवलेले होते. मसाला वाढवताना चरबी तेवढीच ठेवायची, ही त्या प्रयोगाची अट होती. आपल्या स्वयंपाकात ती अट सहसा पाळली जात नाही, कारण मसाला वाढला की तो परतायला तेल वाढते.

याच विद्यापीठाने २०२१ मध्ये अधिक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. हृदयविकाराचा धोका असलेल्या ७१ जणांना त्यांनी अमेरिकी धाटणीचा आहार दिला, त्यात मसाल्याचे प्रमाण चार-चार आठवडे बदलते ठेवले, आणि सर्वाधिक प्रमाण दिवसाला साडेसहा ग्रॅमच्या आसपास होते. हे प्रमाण आपल्या घरच्या जेवणाच्या जवळचे आहे, म्हणून त्याचा निकाल मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात त्या कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही. चोवीस तास मोजलेल्या रक्तदाबात मात्र पाऱ्याच्या दीड-दोन मिलिमीटरची घट दिसली. ती इतकी थोडी आहे, की एका माणसाला जाणवणारही नाही, पण मसाल्याचे खरे बळ कुठे असू शकते याची दिशा तिच्यातून दिसते.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीतला सर्वांत स्पष्ट निकाल क्लीव्हलँड क्लिनिकच्या प्रयोगाचा आहे. तिथे १९० प्रौढांना २८ दिवस रोसुवास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची लहान गोळी, किंवा निरुपद्रवी बनावट गोळी, किंवा माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ यांपैकी एक पूरक दिले. स्टॅटिनने एलडीएल जवळजवळ ३८ टक्क्यांनी उतरवले, आणि पूरकांपैकी एकाचीही घट बनावट गोळीपेक्षा लक्षणीय ठरली नाही. या प्रयोगाचा पैसा रोसुवास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचा होता, आणि २८ दिवस हा फार थोडा काळ आहे, हे सांगितले पाहिजे. पण ज्या प्रयोगात औषध कंपनीचा हात नव्हता तोही लसणाच्या बाजूने गेला नाही. स्टॅनफर्डमध्ये २००७ साली १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाची दोन प्रकारची पूरके दिली गेली, आठवड्यातले सहा दिवस, रोज एका मध्यम पाकळीइतकी. एलडीएल हलले नाही. लसूण ठेचल्यावर त्यातल्या अ‍ॅलिइनपासून एन्झाइमच्या मदतीने अ‍ॅलिसिन तयार होते आणि ते प्रयोगशाळेत फार प्रभावी असते. लसूण ठेचून काही मिनिटे तसाच ठेवला आणि मग फोडणीत टाकला तर त्यातले अधिक गुण टिकतात, हेही खरे आहे. मी स्वतः तसेच करते. पण ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याने रात्रीच्या गोळीऐवजी सकाळची पाकळी निवडावी, असे या पुराव्यातून निघत नाही, आणि भावाला तसे सुचवणाऱ्या प्रत्येकाला मी हे शांतपणे सांगितले.

मोठ्या लोकसंख्येच्या पाहण्या मात्र मिरचीच्या बाजूने बोलतात. चीनमधल्या सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांच्या पाहणीत आठवड्यातले सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण क्वचित खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी दिसले. इटलीतल्या २२,८११ जणांच्या पाहणीत आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा मिरची खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. तिखट खाणारा माणूस आणखी काय खातो, किती चालतो, कसा राहतो, हे अशा पाहणीत पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. मिसळीबरोबर फरसाण असते आणि पाव असतो. फरसाण ज्या तेलात तळलेले असते ते किती वेळा तापवले गेले, हे मिरची सांगत नाही आणि बदलतही नाही. तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात साचणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा नियम आपल्याकडे १ जुलै २०१८ पासून आहे, आणि तो पाळला जातो का हे पाहणे आपल्या हृदयासाठी मसाल्याच्या कोणत्याही अर्कापेक्षा महत्त्वाचे आहे.

उन्हाळा लागला की भावजय वर्षाचा मसाला करते. मिरची आणि खडा मसाला वाशीच्या मसाला बाजारातून आणायचा, मिरचीचे देठ काढायचे, चार दिवस गच्चीवर ऊन दाखवायचे आणि मग डंकावर नेऊन कुटून आणायचा, हा तिच्या सासरचा शिरस्ता. यंदा मी तिच्याबरोबर बाजारात गेले होते. मशीद बंदरहून इथे आलेला हा घाऊक बाजार आता नवी मुंबईचाच झाला आहे. गोणीत हात घालून भावजयीने बेडगी मिरची वर काढली, ती दोन बोटांत मोडली, कड् असा आवाज आला तेव्हा तिने मान हलवली. मऊ वाकणारी मिरची ओलसर असते आणि तिला बुरशी लागते, हे तिला सासूने शिकवले. रंगासाठी बेडगी जास्त, तिखटासाठी संकेश्वरी आणि लवंगी बेताची, मग धणे, जिरे, दगडफूल, तमालपत्र, चक्रीफूल, जावित्री. दालचिनी म्हणून जी जाड, खरखरीत साल मिळते ती बहुधा कॅसियाची असते, आणि तिच्यात यकृताला न मानवणारे कुमारिन खऱ्या दालचिनीपेक्षा कितीतरी जास्त असते. मसाल्यात पडते तेवढ्याने काही बिघडत नाही, पण तिची पूड रोज चमचा-चमचा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हळकुंडांपाशी मी तिला जरा थांबवले. एका ढिगातली हळकुंडे एकसारखी पिवळीधमक होती, हाताला रंग लागत होता. दुसऱ्या ढिगातली मळकट होती, मोडल्यावर आतून गडद केशरी. मळकट घेऊ या, असे मी म्हटले. हळकुंडांना पॉलिश करताना रंग खुलावा म्हणून त्यांवर लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळे संयुग चोळण्याची वाईट चाल काही ठिकाणी आढळली आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडले. तिथल्या आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाठपुरावा केला, सरकारने कारवाई केली, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते हे आपण ऐकतो, पण ते मोठ्यांचा रक्तदाबही वाढवते आणि हृदयविकाराशी त्याचा संबंध स्पष्ट आहे. हृदयासाठी म्हणून हळद वाढवायची आणि तिच्यातून शिसे पोटात घ्यायचे, यासारखी वाईट गोष्ट नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ओळखीच्या शेतकऱ्याची किंवा खात्रीच्या दुकानातली हळद दोन पैसे जास्त देऊन घ्यावी, असे माझे मत आहे.

मसाला हृदयाच्या उपयोगी पडतो, असे मला मनापासून वाटते, पण तो तेलाचा परिणाम पुसून नव्हे. तो तेल आणि मीठ कमी करण्याची सोय करून देतो, आणि ही सोय फार मोठी आहे. कोलोरॅडोमध्ये झालेल्या एका अभ्यासात चरबी कमी केलेल्या जेवणाची आवड साहजिकच उतरली, पण त्याच जेवणात मसाले आणि सुकी पाने घातल्यावर ती पूर्ण चरबीच्या जेवणाइतकी परत आली. चीनमध्ये २०१७ साली ६०६ जणांच्या अभ्यासात ज्यांना तिखट मनापासून आवडते त्यांचे मीठ रोज सुमारे अडीच ग्रॅमने कमी आढळले आणि वरचा रक्तदाब ८ मिलिमीटरने. मेंदूत खारट चवीची जाणीव जिथे होते त्या भागांवर कॅप्सेसिनचाही प्रभाव पडतो, त्यामुळे थोडे मीठही पुरेसे वाटते, असे त्या संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्या मापापुढे अडीच ग्रॅमची बचत केवढी, हे वेगळे सांगायला नको.

ऐरोलीच्या स्वयंपाकघरात आता हे असे चालते. कांदा-खोबऱ्याचे वाटण तेल न घालता तव्यावर कोरडेच भाजले जाते, आणि खोबरे पूर्वीच्या निम्मे झाले आहे, कारण खोबऱ्यातली बहुतेक चरबी संपृक्त असते. उरलेला दाटपणा भाजलेल्या डाळ्याच्या पुडीतून येतो. फोडणीचे तेल पळीने ओतण्याऐवजी चमच्याने घेतात, गॅस मंद ठेवून त्यात हळद-तिखट टाकतात आणि ते जळण्याआधी पाण्याचा हबका मारतात. एका वाटीतले कॅप्सेसिन काही मिलिग्रॅमच असते, तेवढे विरघळायला चमचाभर तेल भरपूर होते, म्हणून तिखटाला कुठे उणेपण येत नाही. मटकीची उसळ वाढली, फरसाण सणासुदीपुरते राहिले. पूर्वी बरण्या भरताना मसाला टिकावा म्हणून त्यात खडे मीठ मिसळत असत. यंदा भावजयीने ते मिसळले नाही. हिंगाचे खडे घातले, बरणीचे तोंड कापडाने बांधले आणि मसाल्याची एक लहान बरणी फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे आमटीत किती मीठ पडते ते फक्त मिठाच्या चमच्यावरून कळते.